छिन्नीचा हरवलेला तुकडा

"मामा, दुसरं चाक कधी?" असं बारकीने विचारायला आणि हातोड्याचा घाव पडायला एकच गाठ पडली. मामाने डोळ्यावर हात नेला.

सुट्टीत ताई, ढापण्या आणि बारकी ही तिघं भावंडं मामाच्या कारखान्यात शर्यतीचा गाडा बनवत होती. मामा छिन्नीने गंजका बोल्ट तोडत होता. कचरा गेला असेल, दुखत नाही फारसं, असं तो म्हणाला.

तिथे कुणाच्या डोळ्यात लोखंडाचा कीस गेला, की मिस्त्रीकाका लोहचुंबक फिरवून काढायचे. वीस वर्षांची सवय! ते चुंबक शोधू लागले.

ताईने मात्र मामाचे डोळे निरखले. एक बाहुली गोल होती, दुसरी थेंबासारखी ओढलेली. तिने छिन्नी उचलली. छिन्नीच्या डोक्याची कड ताजी तुटलेली. तिघांनी फरशीचा कोपरान् कोपरा धुंडाळला. तुकडा नव्हताच.

"म्हणजे तो मामाच्या डोळ्यात आहे," ढापण्या पुटपुटला.

काकांनी तिघांना झटकलं. आधी चुंबक, मग चहा, मग बघू म्हणाले. पण चुंबक सापडेना. शोधायला सगळ्यात पुढे ढापण्याच होता!

तेवढ्यात ताईने शाळेत शिकवल्याप्रमाणे कागदी पेला डोळ्यावर उपडा धरून पट्टीने चिकटवला. कडा कपाळावर आणि गालावर, डोळ्याला धक्का नाही. बारकीने टेम्पोवाल्याला हाताला धरून आणलं.

दवाखान्यात खिडकीतल्या बाईंनी दुखतंय का विचारलं. फारसं नाही, मामा म्हणाला. "मग बसा, बेचाळिसावा नंबर," बाई म्हणाल्या.

ताईने छिन्नी त्यांच्यापुढे ठेवली. "याचा तुकडा फरशीवर नाही. बाहुली ओढली गेलीय. नंबर येईपर्यंत थांबायचं का, तुम्हीच सांगा."

बाई ताडकन उठल्या. मामाला थेट आत नेलं. तासाभरात शस्त्रक्रिया सुरू झाली.

"लोक दुखण्यावरून घाई ठरवतात," नंतर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही तुकड्यावरून ठरवलीत. तिथे चुंबक लावला असता, तर डोळा हातचा गेला असता."

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. बारकीने बोटं दाखवली.

"दोन," मामा म्हणाला. "आणि दोन्हींची नखं काळी. हात धू आधी."

हशा पिकला. ढापण्याने ओशाळून खिशातून चुंबक काढला. त्याला तीन स्क्रू आणि घराची किल्ली चिकटलेली.

मामाला बघायला आलेल्या मिस्त्रीकाकांनी त्याची मूठ मिटवली. "राहू दे तुझ्याकडेच," ते म्हणाले. "आणि गाड्याचं दुसरं चाक मी बसवतो."