पाठीवरचा चिखल

कौस्तुभच्या मानेवर घावावर घाव घातले होते. शेवटचा थेट हाडापर्यंत गेला होता. शेजारी त्याची सायकल स्टँडवर लावावी तशी झाडाला टेकून उभी होती, आणि रक्ताने माखलेला कोयता गवतात पडला होता.

उपनिरीक्षक विनया चुरी उकिडवी बसून बराच वेळ त्या सायकलकडे पाहत राहिली.

"हा पळत नव्हता, सुधाकर," ती हवालदाराला म्हणाली. "निवांत उतरलाय, सायकल टेकवलीय. मारणारा ओळखीचा होता."

"कोयता कुणाचा तेही कळलंय मॅडम. ज्याने फोन केला, त्याचाच."

'चाकोरी' सायकल क्लबची पावसाळी फेरी सकाळी विरारहून निघाली होती. चिंचोटी फाट्यावरच्या टपरीपाशी सगळ्यांनी जमायचं, तिथून धबधब्याकडे. कौस्तुभ क्लबचा म्होरक्या. तोच पोचला नाही म्हणून पाण्याच्या बाटल्या आणि केळी घेऊन पुढे गेलेला पिकअपवाला ॲन्सेल्म मागे फिरला, आणि त्याला हे प्रेत दिसलं.

टपरीपुढे सायकलस्वार घोळक्याने उभे होते. विनया त्यांच्या मागून चालत गेली. मडगार्ड नसलेल्या सायकली. मागच्या चाकाने उडवलेल्या चिखलाचा काळा पट्टा एकेकाच्या कमरेपासून मानेपर्यंत गेला होता. फक्त दीपेश नावाच्या एकाचा पिवळा टी-शर्ट पाठीवर स्वच्छ होता.

ॲन्सेल्म पिकअपच्या पायरीवर बसला होता. गिरीज गावचा, केळीची वाडी असलेला, पन्नाशी उलटलेला. सदरा रक्ताने भिजलेला.

"कोयता तुमचा?"

"माझाच. केलीचे घड कापायचा. गाडीच्या हौद्यात असतो. कवा गेला, मना ठाव नाय."

"सदऱ्यावर रक्त?"

"डोकं मांडीवर घेतलं मी त्याचं. वाटलं, जित्ता असंल."

"हौद्यापाशी कोण कोण आलं होतं?"

"निघताना सगलीच आली. दीपेश सॅकमध्ये केली भरीत होता. तवाच कौस्तुभ मना म्हनला, 'अंकल, चिंचोटीला पोचलो की मर्लिनबद्दल बोलायचंय.'"

"मर्लिन कोण?"

"माझी पोर." त्याने सायकलस्वारांकडे बोट केलं. "गेल्या पावसात ह्यांच्यासंगं आली ती धबधब्यात बुडाली. कौस्तुभनेच बाहेर काढली. म्हनून तर मी अजून ह्यांची गाडी हाकतो."

कौस्तुभची बायको स्वप्ना बाकावर थिजल्यासारखी बसली होती.

"तुमचे यजमान ॲन्सेल्मना काय सांगणार होते?"

"मला नाही सांगितलं. पण मर्लिन गेल्यापासून त्याला झोप नव्हती. काल रात्री म्हणाला, आता लपवणं होत नाही."

दीपेश मात्र विचारण्याआधीच बोलू लागला. "मॅडम, सरळ आहे. ॲन्सेल्म अंकल एकटेच गाडी घेऊन मागे गेले होते. कोयता त्यांचा. पोर आमच्या फेरीत बुडाली, त्याचा राग मनात असणारच ना."

"तुम्ही शेवटी पोचलात म्हणे."

"मागचं चाक पंक्चर झालं. कौस्तुभ थांबला होता, मीच म्हटलं, तू हो पुढे. ट्यूब बदलली आणि आलो. वाटेत तो दिसलाच नाही. गवत केवढं वाढलंय, बघितलंत ना."

"खराब ट्यूब?"

त्याने खिशातून गुंडाळी काढून दिली.

विनयाने सुधाकरला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. तो टपरीच्या अलीकडे, रस्त्याखालून नाला जातो त्या मोरीकडे गेला. मग तिने टपरीवाल्याचं ग्लास विसळायचं घमेलं पुढे ओढलं.

"दीपेश, पंप आणा. भरा हवा."

ट्यूब फुगली. विनयाने ती हळूहळू फिरवत पाण्यात दाबली. घमेल्याभोवती सगळे वाकले. कुठूनही एक बुडबुडा आला नाही.

"भोक कुठंय?"

"बारीक असेल," दीपेश म्हणाला. त्याने ओठ चाटले.

"भोक नाहीच. पंक्चरचं नाटक करून तुम्ही कौस्तुभला मागे थांबवलंत. मदत करायला तो उतरला, सायकल झाडाला टेकवली, चाकापाशी वाकला. आणि तुम्ही मागून मानेवर कोयता घातलात."

"कोयता मी सायकलवर घेऊन फिरत होतो?"

"सॅकमध्ये. केळी भरताना उचललात, कारण तेव्हाच कौस्तुभचं बोलणं कानावर पडलं. इथल्या सगळ्यांच्या पाठीवर चिखल आहे, तुमच्या नाही. कारण तो सॅकवर उडाला. ती सॅक कुठंय?"

सगळ्यांच्या नजरा त्याच्या पिवळ्या पाठीकडे वळल्या. तेवढ्यात सुधाकर ओली काळी सॅक घेऊन आला. आत रेनकोट होता. बाह्यांच्या शिवणीत रक्त साकळलं होतं.

"रेनकोट घालून मारलंत. कोयता मुद्दाम तिथेच टाकलात, ॲन्सेल्म अडकावेत म्हणून. आणि टपरीवर यायच्या आधी सॅक नाल्यात."

दीपेशने पंप उचलून सुधाकरच्या तोंडावर हाणला. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. पुढचा फटका विनयाच्या खांद्यावर बसला आणि तिचा डावा हात लुळा पडला. उजव्या हाताने तिने आपली काठी दीपेशच्या गुडघ्यावर घातली. तो किंचाळत चिखलात पडला. उठणार तोच त्याच्या गळ्यावर पाय आला. ॲन्सेल्मचा.

"बोल. काय सांगनार होता कौस्तुभ?"

"अंकल, पाय..."

"बोल!"

"मी तिचा हात धरला होता," दीपेश घुसमटत म्हणाला. "वर, कातळावर. तिनं दोघातिघांदेखत थोबाडीत मारली. मी ढकललं. फक्त ढकललं."

"फक्त?"

दीपेश रडू लागला. "ती पाण्यातून वर आली होती. माझा पाय धरला तिनं. मी... मी लाथ मारली. कौस्तुभने पाहिलं."

ॲन्सेल्मने मान वर केली. "कौस्तुभने पाहिलं? आन् वरीसभर गप ऱ्हायला?"

"म्हणाला, क्लब बंद पडेल. घसरली म्हणून सांगू."

स्वप्नाने तोंडावर हात घेतला. सायकलस्वारांतल्या दोघांनी माना खाली घातल्या. ॲन्सेल्मने ते पाहिलं. ज्याचं डोकं त्याने सकाळी मांडीवर घेतलं होतं, त्याच्या रक्ताने भिजलेला सदरा त्याने छातीशी मुठीत धरला आणि टराटरा फाडून फेकला. पायाखालच्या गळ्यातून घरघर येऊ लागली.

"ॲन्सेल्मभाऊ," विनया म्हणाली. तिने काठी उगारली नाही. "हा मेला तर मर्लिन घसरूनच मेली असं कागदावर राहील. कायमचं."

"कौस्तुभच्या खुनाचा गुन्हा तुम्ही लिवाल. माझ्या पोरीचा कोन लिवनार?"

"मी. तुमची फिर्याद, आत्ता, या बाकावर. कौस्तुभच्या आधी तिचा. आणि ज्यांनी माना खाली घातल्यात, त्यांचेही जबाब घेणार."

पाय अजून गळ्यावरच होता. दीपेशचे डोळे पांढरे झाले होते.

"आधी तिचा?"

"आधी तिचा."

ॲन्सेल्मने पाय काढला. उघड्या अंगाने तो बाकापाशी आला, बसला आणि म्हणाला, "लिवा. मर्लिन ॲन्सेल्म. पोहायला येत व्हतं तिला."