तूर्तास दोघं

“तुमचं लेकरू कोठे आहे?”

प्रश्न मराठीत आला, म्हणून आम्ही दोघंही दचकून वळलो. चेन्नईपासून तासाभरावर, समुद्राकाठच्या या पार्क-रिसॉर्टमध्ये कालपासून इतर कुणाकडून तमिळखेरीज काही कानावर पडलं नव्हतं. मागे सुती साडीतल्या एक आजी उभ्या होत्या. अंबाड्यावर मोगरा, हाताशी पाच-सहा वर्षांची नात.

“लेकरू नाही, आजी,” पुष्कर म्हणाला. “आम्ही दोघंच आलोय.”

“मग ह्या घोड्यांवर कसे बसणार? मूल असल्यावाचून इकडे सोडीत नाहीत.”

खरंच होतं. मेरी-गो-राउंडच्या फाटकावरच्या माणसाने आत्ताच मान हलवली होती. मोठ्यांनी बसायचं तर मुलाबरोबरच.

पुष्करने माझ्याकडे पाहिलं. मला घोड्यावर का बसायचंय, ते त्याला ठाऊक होतं. मी चेन्नईजवळच्या आवडी गावात, सरकारी क्वार्टर्समध्ये वाढले. दर जानेवारीत बाबा मला चेन्नईच्या आयलंड ग्राउंडवरच्या प्रदर्शनात न्यायचे. मी घोड्यावर बसले की फिरत्या चाकावर शेजारी उभे राहायचे, एक हात माझ्या पाठीवर. त्यांना जाऊन पाच महिने झाले. शेवटच्या आठवड्यात फोनवर म्हणाले होते, “रेवा, पुरे ते दवाखाने. दोघं कुठेतरी हुंदडून या.”

हुंदडायलाच आलो होतो. पण सोमवारी सकाळी नऊला दवाखान्याची वेळ घेतलेली होती. मुलासाठीच्या उपचारांची तिसरी खेप. आणि मला जायचं नव्हतं.

हे पुष्करला सांगायचं राहून जात होतं. काल गाडीत, जेवताना, आज इडलीच्या टेबलावर… शब्द ओठांपर्यंत येऊन परत फिरायचे. चेन्नईतल्या आठ वर्षांत त्याला तमिळ फारसं आलं नाही, पण एक वाक्य पाठ होतं. किती जण, असं कुणीही विचारलं की हसून सांगायचा, “इप्पोदैक्कु रेंडु पेर.” तूर्तास दोघं. त्या ‘तूर्तास’पाशी मी दुसरीकडे बघायचे.

“आमच्या सहानाला न्या की,” आजी म्हणाल्या. “मला त्या चाकावर चक्कर येते. मी येथेच उभी आहे.”

“उसनं मूल!” पुष्कर हसला. “काय सहाना, चालेल का गं आम्ही?”

सहानाने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. “पांढरा घोडा माझा.”

“मान्य, महाराणी.”

त्याने तिला पुढच्या घोड्यावर बसवलं, पट्टा बांधला, दोनदा ओढून पाहिला. किती सहज… मी नजर काढून घेतली. आम्ही तिच्या मागच्या जोडीवर बसलो. चाक फिरू लागलं. माझा घोडा वर गेला की त्याचा खाली.

“काय बघतेस?”

“घोडेस्वार.”

“कसा वाटतो?”

“पोट सुटलंय. घोड्याची दया येते.”

“पण तुझी घोडी मघापासून माझ्या घोड्याकडेच बघतेय हं…”

मी हसले. मोठ्याने, किती दिवसांनी. आणि त्या हसण्यातच ते निसटलं.

“पुष्कर, मला सोमवारी जायचं नाही.”

तो खाली गेला. मला फक्त त्याचे केस दिसले. वर आला तेव्हा चेहरा कोरा होता.

“म्हणजे… पुढच्या सोमवारी?”

“कधीच नाही.”

पुन्हा खाली. भोंग्यावरची धून तीच तीच वाजत होती.

“कधीपासून ठरवलंयस?”

“बाबा गेले त्याच्या आधीपासून.”

“आणि मी रोज तुला गोळ्यांची आठवण करून देत होतो!” तो परत खाली गेला.

“बोल ना काहीतरी,” मी वाकून म्हणाले.

“वर तर येऊ दे.”

पण तो वर येईतो चाकच थांबलं. त्याने सहानाचा पट्टा सोडला, तिला उचलून आजींपाशी नेलं. “देव देईल हो तुम्हालाही,” आजी म्हणाल्या. पुष्करने त्यांना वाकून नमस्कार केला आणि एकटाच पुढे चालू लागला.

पाण्याच्या घसरगुंडीपाशी तो कठड्यावर बसला. मी शेजारी बसले, हातभर अंतर ठेवून. क्लोरीनचा वास, ओल्या फरशीवर धावणारी पोरं.

“मला हवं होतं, रेवा. आत्ता तिचा पट्टा बांधतानाही हवं होतं. ते एका दिवसात जाणार नाही.”

“माहितीये.”

“आणि तू हे एकटीने उरात धरून बसलीस… त्याचा राग येतोय.”

“येऊ दे.”

त्याने चपला काढून कठड्याखाली सारल्या.

“हसताना तुझं नाक आक्रसतं,” तो अचानक म्हणाला. “मघाशी दिसलं. दोन वर्षांत मी ते विसरूनच गेलो होतो.”

तो उठला. हात पुढे केला. मी धरला — बोटं गार होती, त्याची की माझी, कळलं नाही. आम्ही जिना चढून घसरगुंडीच्या तोंडाशी आलो. तिथल्या माणसाने विचारलं, “एत्तनै पेर, सार?” किती जण?

पुष्कर नेहमीसारखा हसला नाही. थांबला.

“रेंडु पेर,” तो म्हणाला.

मी त्या ‘तूर्तास’ची वाट पाहत राहिले. तो आला नाही.

माणसाने दोघांची ट्यूब पाण्यात ढकलली. मी पुढे बसले, पुष्कर मागे. त्याचा हात हळूच माझ्या पाठीवर आला आणि तिथेच राहिला.

“घट्ट धर,” तो म्हणाला… आणि पाण्याने आम्हाला ओढून नेलं.