साहेबांच्या सिनेमातली हरवलेली कबुली

निवृत्त पोलीसप्रमुख वहिनींच्या दारात उभे राहिले. भावोजी ताडकन उठले आणि चहा आडवा झाला.

"माझ्या आयुष्यावर सिनेमा निघतोय," साहेब म्हणाले. "त्यातल्या कबुलीजबाबाच्या प्रसंगाची डिस्क काल रात्रीतून चोरीला गेली. प्रत एकच. माझी मुलगी निर्माती आहे आणि तिचा संशय संकलन करणाऱ्या पोरीवर आहे. पाचपर्यंत डिस्क मिळाली नाही, तर पोरीला पोलिसांत देणार म्हणते."

खासगी तपास करणाऱ्या बाईंना, त्यांच्या दिराचं, म्हणजे भावोजींचं ऐकून, सगळेच वहिनी म्हणत.

"साहेब, तुमच्या एका फोनवर अख्खं ठाणं धावत येईल. मग माझ्याकडे कशाला?" वहिनींनी विचारलं.

"पाचपर्यंतच वेळ आहे," साहेब म्हणाले. हे काही उत्तर नव्हतं. पण त्यांची हयात उत्तरं घेण्यात गेली होती, देण्यात नव्हे.

संकलनाच्या खोलीत खुर्ची होती, म्हणून तिला खोली म्हणायचं. एरवी ते कपाटच. पोरीचे डोळे रडून सुजले होते.

"किल्ली बाहेर खिळ्यावर असते. सगळ्यांना ठाऊक आहे, पण निर्मातीबाईंना मीच दिसते."

खणात उरलेल्या पाच डिस्क सुतळीने आडव्या-उभ्या करकचून बांधल्या होत्या. गाठ कोपऱ्यावर, टोकं आत खोचलेली.

"हे तू बांधलंस?"

"छे! मी रबर लावते. सकाळी आले तर हे असं."

"चोर भलताच टापटिपीचा दिसतो," भावोजी म्हणाले.

साहेबांची भूमिका करणारा नट मिशीला पीळ देत बसला होता. सिनेमात खरी तेवढी मिशीच होती.

"मी चोरीन? अहो, त्या प्रसंगात मी आरोपीच्या खांद्यावर नुसता हात ठेवतो आणि तो ढसाढसा रडत कबूल होतो!"

"सुतळी बांधता येते?"

"नाव काढू नका. मुद्देमाल बांधायचा शॉट अठरा वेळा घेतला. शेवटी हात साहेबांचेच घेतले."

भावोजींनी त्याची सही घेतली.

निर्मातीबाई आलेलं पार्सल कात्रीने फाडत बोलत होत्या. "गाठी सोडायला मला वेळ नाही, बांधायला तर नाहीच. काल तो प्रसंग सगळ्यांना दाखवला. काय टाळ्या पडल्या! बाबा तेवढे पाणी प्यायला म्हणून उठले, ते परत आलेच नाहीत."

पावणेपाचला सगळे जमले.

"नटच आहे," भावोजी कुजबुजले. "आरोपी झालेला त्याच्यापेक्षा भाव खाऊन गेला असणार."

"भावोजी, तुमचा फार उपयोग होतो. तुम्ही संशय घेतला की एक माणूस सुटतो." वहिनी सगळ्यांकडे वळल्या. "पळायची घाई असलेला चोर उरलेला माल बांधत बसत नाही. पण ज्याने जन्मभर मुद्देमाल हाताळला, त्याचा हात उघडलेला गठ्ठा पुन्हा बांधल्याशिवाय तिथून हलत नाही. ही रबर लावते, नटांना गाठ जमत नाही आणि बाई कात्री चालवतात. ती गाठ मारणारे हात या सिनेमात एकाच माणसाचे आहेत."

साहेबांनी खिशातून डिस्क काढून टेबलावर ठेवली.

"बाबा?"

"कबुली देणारा तो खरा माणूस निर्दोष होता. मला तिसऱ्याच दिवशी कळलं होतं."

"मग सोडला का नाही?"

"तोवर पेपरात माझा फोटो आला होता. तो सात वर्षं आत होता. आणि खांद्यावर हात? आम्ही हात कुठे ठेवले होते, ते विचारू नकोस. काल त्यावर टाळ्या पडल्या."

"मग ठाण्यात जायचं होतंत," भावोजींच्या तोंडून निसटलं.

"ते मला पकडणार नाहीत, म्हणून तर इथे आलो." साहेबांनी संकलन करणाऱ्या पोरीकडे पाहिलं. "मला माहीत असून आज दिवसभर हिलाही तसंच रडवलं. तेव्हा निर्दोष एक होता, आता दोन झाले."

निर्मातीबाईंनी डिस्क उचलली, कचऱ्याच्या डब्यापर्यंत नेली आणि तिथेच थांबल्या.

"टाकू नकोस," साहेब म्हणाले. "त्याच्या पुढे खरं जोड. पोरी, कॅमेरा लाव."

"मी काय करू?" नटाने विचारलं.

"बाजूला व्हा."

साहेब स्टुलावर बसले. हात कुठे ठेवावेत, ते त्यांना सुचेना. "विचार," ते मुलीला म्हणाले. "नाव, वय, पत्ता. तशीच पद्धत असते."

तिने विचारलं. साहेबांनी स्वतःचं नाव सांगितलं, वय सांगितलं. मग त्या माणसाचं नाव, त्याच्या बापाचं नाव आणि घरनंबरासकट पत्ता, तीस वर्षांनी, एकदाही न अडखळता.