तिरपी जांभळी ज्योत

"माझं मशीन कोणीतरी बिघडवलंय, ताई. आणि डोमाजींचा पाय जाणार आहे!"

डॉक्टर श्रुतिका खुर्चीत बसायच्या आधीच बोलून मोकळ्या झाल्या. बालाघाटच्या कोर्टामागचं ते ऑफिस खासगी गुप्तहेर संघमित्राचं. शेजारी तिचा सहकारी गजेंद्र. हा गडी विचार सावकाश करतो, संशय मात्र झटपट घेतो.

मशीन थंड प्लाझ्माचं होतं. वायूतून वीज सोडली की नळीच्या टोकाला जांभळी ज्योत येते. हाताला गार लागते, पण जखमेतले जंतू मारते. शुगरच्या न भरणाऱ्या जखमांवर दवाखान्यात तिचा प्रयोग चालू होता. कटंगीच्या डोमाजींची तळपायाची जखम भरत आली होती. दसऱ्यानंतर मात्र सगळ्याच पेशंटांच्या जखमा अडल्या, आणि डोमाजींची तर चिघळली.

"सोमवारपर्यंत सुधारणा नाही दिसली, तर पाय कापावा लागेल."

"दसऱ्याले मी नागपूरले होती, दीक्षाभूमीवर," संघमित्रा उठत म्हणाली. "चला, पाहू."

गजेंद्रच्या मोटरसायकलवर दसऱ्याचा सुकलेला हार अजून तसाच होता आणि हेडलाइटवर कुंकू. त्यावरूनच दोघं दवाखान्यात गेले.

मशीन चालवणारा प्रेमलाल आधीच चिडलेला होता. "मशीनचा काटा बरोबर हाय, गॅस भरेल हाय. माह्यावर काहून डाऊट घेता?" त्यानं मशीन लावून दाखवलं. ज्योत आली, पण आखूड आणि एका बाजूला तिरपी.

नर्स पुष्पलताबाई म्हणाल्या, "मी तं लेकरावानी जपते याले. रोज पुसते."

संघमित्राचं लक्ष खोलीभर फिरत होतं. वजनकाट्यावर लालसर ठिपका होता. बीपीच्या मशीनवरही.

बाहेर बाकावर डोमाजी बसले होते. उजव्या पायात चप्पल, डाव्याला पट्टी. शेजारी बायको जिजाबाई, पोटाशी पिशवी घट्ट धरून.

"पिशवीत काय हाय, मावशी?" गजेंद्रनं विचारलं.

"तुले काय करायचं हाय?"

गजेंद्र संघमित्राच्या कानाला लागला. "जडीबुटी हाय. हीच लावते!"

"काय डोकं हाय तुह्यं!" संघमित्रानं सगळ्यांना आत बोलावलं.

"जखमा सगळ्यांच्याच अडल्या. म्हणजे मावशीच्या पिशवीत काही का असेना, दोष तिथं नाही. काटा बरोबर, गॅस भरलेला, म्हणजे मशीनच्या पोटातही नाही. पण ज्योत तिरपी आहे. तोंड अर्धं बुजलं की वायू एका बाजूनंच निघतो. आता आठवा, बिघाड कधीपासून? दसऱ्यापासून. गजेंद्रनं गाडी पुजली. इथं वजनकाटा पुजला, बीपीचं मशीन पुजलं. मग सगळ्यात लाडकं मशीन कोणी तसंच ठेवेल?"

तिनं बंद मशीनच्या नळीत बारीक तार घातली. तारेला लाल खपली लागून आली.

"ओलं हळदकुंकू. बाहेरून पुसलं गेलं, आत वाळून बसलं."

पुष्पलताबाईंना रडू फुटलं. "मीच लावलं वो माय! गरिबाचे पाय वाचवते म्हून त्यालेच पयला मान देल्ला!"

श्रुतिकांनी त्यांना जवळ घेतलं. "रडू नका, मावशी. नवी नळी कपाटातच आहे. पुढल्या दसऱ्याला पूजा करू, पण मशीनच्या खोक्याची."

नवी नळी बसली. ज्योत लांब आणि सरळ आली. सोमवारी जखमेच्या कडेला गुलाबी कातडी दिसली आणि पाय कापायची गोष्टच सुटली.

थंडी सरता सरता जखम पुरती मिटली. गजेंद्र मुद्दाम दवाखान्यात भेटायला आला होता. जिजाबाईंनी त्याच्यासमोरच ती पिशवी उघडली.

आत डाव्या पायाची चप्पल होती.

"दर खेपेले आणत होती मी," त्या म्हणाल्या. "बरे झाले तं काय घालतील?"

गजेंद्रनं खाली बसून डोमाजींच्या पायात चप्पल घातली. डोमाजी उभे राहिले, दोन पावलं टाकून पाहिली आणि बायकोला म्हणाले, "चल लवकर, कटंगीची बस सुटन."

आणि तिच्या पुढं चालू लागले.