थांबलेला चेंडू

"माझ्या प्रयोगात कुणीतरी ढवळाढवळ करतंय," प्राध्यापिका खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाल्या.

खासगी तपासाची कामं घेणाऱ्या आत्यांनी त्यांच्यापुढे पाणी ठेवलं. आत्यांचे यजमान, काका, शेजारी कान देऊन बसले.

प्राध्यापिका किशोरवयीन मुलांच्या मनाचा अभ्यास करत. त्यांच्या प्रयोगशाळेत मुलं संगणकावर चेंडूचा खेळ खेळत. पडद्यावरचे दोन खेळाडू थोड्या वेळाने आपसातच चेंडू फेकू लागत. मुलांना ते खरे वाटत. प्रत्यक्षात तो नुसता प्रोग्रॅम होता. वगळलं गेल्यावर काय वाटतं, ते प्राध्यापिका तपासत होत्या.

"पण काही मुलांना चेंडू शेवटपर्यंत मिळत राहिला. मला नव्या सहायक विद्यार्थिनीचा संशय आहे. फार हळवी आहे. तिला काढायच्या बेतात आहे मी."

"आज काढू नका," आत्या म्हणाल्या.

प्रयोगशाळेत नवी सहायक खेळाच्या खोलीत भेटली. डोळे सुजलेले होते.

"इथे घेतलं तेव्हा मी घरभर नाचले होते," ती म्हणाली. "खेळ चालू असताना मी मुलाच्या शेजारीच बसते. कशालाही हात लावला तर त्याला दिसेलच ना?"

पलीकडच्या खोलीतल्या तंत्रज्ञाच्या कानांवर हेडफोन होते. आत्यांनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा तो दचकलाच.

"प्रोग्रॅमला कुणी हात लावलेला नाही," तो म्हणाला. "पण चाचणीसाठी सोय आहे. इथल्या कुठल्याही संगणकावरून माणूस त्या दोघांच्या जागी खेळू शकतो. आम्हा सगळ्यांना ते येतं."

दाराजवळच्या टेबलाशी, संगणकापुढे जुना सहायक बसे. खेळाच्या खोलीतला कॅमेरा त्याला तिथूनच दिसे. त्याला सगळे दादा म्हणत. मुलांना आत घेणं, निरोप देणं, फोन घेणं त्याच्याकडे.

"खेळ खोटा होता हे मुलांना कधी सांगता?" आत्यांनी विचारलं.

"अभ्यास संपल्यावर. सगळी एकाच शाळेतली आहेत. आधी सांगितलं तर बातमी फुटेल."

"तोवर ती काय समजतात?"

फोन वाजला. दादाने तो घाईने उचलला.

शेवटी आत्यांनी बिघडलेल्या एका खेळाची, त्या कॅमेऱ्याने आवाजासकट टिपलेली चित्रफीत पाहिली. मध्येच काकांनी खिसा चाचपला.

"माझा नाही," ते म्हणाले. फोन चित्रफितीतच, भिंतीपलीकडे वाजत होता. "आणि हा चेंडू का अडकला गं?"

आत्या हसल्या. "अहो, तुम्हीच सोडवलंत की कोडं."

काकांना काही कळलं नाही, पण बरं वाटलं.

आत्यांनी सगळ्यांना एकत्र बसवलं. "प्रोग्रॅम कुणासाठी थांबत नाही. इथे फोन वाजला आणि चेंडू थांबला. बोलणं संपलं, चेंडू सुटला. म्हणजे माणूस खेळत होता, आणि त्याला फोन घ्यावा लागला. ही मुलगी मुलाच्या डोळ्यांसमोर होती. तंत्रज्ञाला हेडफोनमुळे काही ऐकूच येत नाही. फोन घेतो एकच जण."

दादाने मान खाली घातली.

"एका मुलीने जाताना विचारलं, 'माझं काही चुकलं का?' मला सांगायची परवानगी नव्हती. त्यानंतर कॅमेऱ्यात कुणी फार हिरमुसलेलं दिसलं की मी चेंडू द्यायचो."

"आणि आळ माझ्यावर आला तरी गप्प बसलात?" नवीने विचारलं.

"सकाळीच कळलं. धीर होत नव्हता. चुकलं माझं."

"मला सांगितलं असतंत तर दोघं मिळून मॅडमशी बोललो असतो." ती प्राध्यापिकांकडे वळली. "मॅडम, दर वेळी नवी शाळा घेतली आणि तिथली मुलं एकाच दिवशी बोलावली तर? संध्याकाळी सगळ्यांना खरं सांगता येईल. बातमी फुटली तरी ऐकायला कुणी उरणारच नाही."



"हे मला सुचायला हवं होतं," प्राध्यापिका म्हणाल्या. "तुझ्यावर संशय घेतला, त्याची माफी मागते. बिघडलेले खेळ अभ्यासातून काढू, आणि का काढले तेही लिहू. आधीच्या मुलांना याच आठवड्यात भेटू. दादा, खेळाला तू आता हात लावायचा नाहीस. पण मुलांशी बोलायला तूच बस. हिच्यासोबत."

पुढच्या शाळेतल्या मुलांना खरं सांगितलं त्या संध्याकाळी एक मुलगी मागे रेंगाळली.

"म्हणजे ते दोघं नव्हतेच?"

"नव्हतेच," नवी म्हणाली.

"मी उगाच त्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या." मुलगी हसली. दारापर्यंत गेली आणि परत आली. "ताई, इथे काम करायला काय शिकावं लागतं?"

नवीने शेजारची खुर्ची पुढे ओढली.