दवंडीचा मंगळवार

"केशवआण्णा, विहिरीला कुदळ लागली न्हाय, आन् सरकार म्हंतंय अनुदान तुला पोचलं!"

अनगोळातल्या केशवच्या ओसरीवर मनुबाईनं बसायच्या आधीच सांगून टाकलं. लढाईचे दिवस होते. धान्य वाढावं म्हणून सरकार नव्या विहिरींना मदत देत होतं. पैसे उचलून महिनाभरात विहिरीचं काम सुरू नाही, म्हणून आता तिचं शेत जप्त होणार होतं. नवऱ्यामागं तिला तेवढाच आधार होता.

"पैसे कुणी उचलले?" केशवनं विचारलं. वकिली सोडून तो लोकांची अशी कोडी सोडवत असे.

"धाकल्या दिरानं, भावकूनं. म्हंतो, वैनीला दिलं."

केशवचा मित्र शरद मास्तर हळहळला. त्याच्या डोक्यात उजेड जरा सावकाश पडे, पण माणूस मायाळू.

निपाणीच्या कचेरीतला कारकून नवखा, परगावचा. तो म्हणाला, "मदत कुणाला मिळते हे गावाला कळावं, म्हणून वाटपाच्या आदल्या दिवशी दवंडी द्यायची असते. वाटप बुधवारी झालं. चैत्राच्या पहिल्या मंगळवारी दवंडी झाल्याचं भावकू आणि दवंडी देणारा कोलकार भरमा, दोघांनी सांगितलं. हरकत कुणाचीच आली नाही."

मनुबाईच्या गावाबाहेरच्या आमराईत शरद चुलीच्या दगडांना ठेचकाळला. झाडागणिक तीन-तीन दगड, राख.

"लमाणांचा तांडा उतरला असेल."

"मग बैलांचं शेण कुठंय?" केशव म्हणाला. वेशीवर कडुलिंबाचं वाळलेलं तोरण होतं. देवीची जत्रा तोंडावर आली होती.

भरमा मान खाली घालून म्हणाला, "दवंडी दिली साहेब. वेशीत."

"कोण होतं तिथं?"

"ते भावकूआप्पास्नी इचारा."

भावकू तंबाखूची पानं चाळत होता. "मी सोता कट्ट्यावर बसलो हुतो की! वैनीचं नाव पुकारलं भरमानं. तिनं ऐकलं न्हाय, त्येला मी काय करू?"

"दिराचंच खरं दिसतंय," शरद पुटपुटला. केशवनं संध्याकाळी सगळ्या गावाला चावडीत बोलावलं.

"भावकू, चैत्राच्या पहिल्या मंगळवारी तुम्ही वेशीत होता?"

"व्हय म्हंतो की!"

म्हातारी अक्काताई उठली. "कंच्या मंगळवारी रं?"

भावकूचा चेहरा उतरला.

"जत्रेआधी, चैत्र लागल्यापासून, हे गाव वार पाळतं," केशव म्हणाला. "दर मंगळवारी घरांना कुलपं लावून सगळी आमराईत जातात, तिथंच रांधतात. त्या चुली आम्ही पाहिल्या. गावात माणूस थांबत नाही, मग दवंडी ऐकली कुणी? वाटप बुधवारी, म्हणून कारकुनानं विचारलं असणार, दवंडी मंगळवारीच झाली ना? यांनी घाईत हो म्हटलं. वार ध्यानातच आला नाही. भावकू, गावात होता म्हणाल, तर वार मोडून गावावर देवीचा कोप ओढवलात. नव्हता म्हणाल, तर दवंडी झालीच नाही."

"वार मोडल्याला न्हाय मी!" भावकू रडकुंडीला आला. "पैशे मी खाल्लं, खरं आमराईतच हुतो. देवीची शप्पत!"

गावाचा जीव भांड्यात पडला. वार मोडला नव्हता! माणसं हसत उठू लागली. शरदला त्या हसण्याची चीड आली.

मनुबाई दारात आडवी उभी राहिली. "तुमचा वार वाचला. माझं शेत?"

"ही कबुली उद्या कचेरीत सांगायला साक्षीदार हवा," केशव म्हणाला. "कोण येतंय?"

जो तो चपला शोधू लागला. शेवटी भरमा पुढं झाला.

"मी येतो."

"मग आधी खोटं का बोललास रं?" मनुबाईनं विचारलं.

"माझं खोपट भावकूआप्पांच्या जागेत हाय, आक्का."

उद्याच्या साक्षीनंतर ते तिथं राहणार नव्हतं, हे चावडीत सगळ्यांना कळत होतं. तरीही दुसरं कुणी पुढं आलं नाही.