दरीतून आलेलं उत्तर

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या मावशीसोबत घडलंय. आणि ती थापा मारणाऱ्यांतली नाही.

पावसाळा नुकताच संपला होता. जंगलात पक्षीगणना चालू होती.

पक्ष्यांचं वेड मावशीला नव्हतं, धाकट्या मामाला होतं. आदल्या वर्षी याच गणनेत तो दरीत पडून गेला. गणनेचे प्रमुख, म्हणजे सर, घरी येऊन म्हणाले, "मी तापाने तंबूत पडलो होतो. हा न सांगता एकटाच गेला. फार उतावळा होता हो."

उतावळा! पक्षी उडेल म्हणून खोकला गिळणारा माणूस!

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खरं काय घडलं ते शोधून काढायचंच, म्हणून तिने स्वयंसेवकांत नाव दिलं.

त्या पहाटे ती आणि सर, दोघंच दरीच्या काठावर होते. सरांनी स्पीकरवर एका पक्ष्याची शीळ लावली. ती ऐकून खरा पक्षी उत्तर देतो, मग त्याची नोंद होते.

उत्तर आलं नाही...

"सारखी वाजवू नये म्हणतात ना?"

"ताई, मला शिकवू नका."

पुन्हा शीळ.

रातकिडे गप्प झाले. एक पान हलेना...

आणि खालून शीळ आली.

पक्ष्याची नव्हती. मामा पक्ष्यांना घालायचा तशी, शेवटी फाटणारी... मामाचीच!

"मिळाला!" सर खूश. पुन्हा वाजवली.

उत्तर जवळ आलं. आणखी जवळ... अगदी पायाखाली.

सरांनी घाईघाईने स्पीकर बंद केला.

"सर... हात द्या." खालून मामाचा आवाज.

मावशीने वाकून पाहिलं. नुसता उभा कातळ. माणूस सोडा, पाल टिकणार नाही.

"सर, हात द्या ना..."

आणि तापाने तंबूत पडलेले ते सर किंचाळले, "अरे, दिला असता तर मीही गेलो असतो!"

मावशीने त्यांची गचांडी धरली. "मुडद्या! माझ्या आईसमोर बसून खोटं बोललास?"

खालून पुन्हा हाक आली.

मावशीने त्यांना बाजूला ढकललं, काठावर पालथी पडली आणि दोन्ही हात खाली सोडले. "मी आहे रे! माझा धर!"

हातांना काहीच लागलं नाही...

"सर..."

आजही विषय निघाला की मावशी थरथरते. भीतीने नाही, रागाने.

"सख्खी बहीण हात सोडून पडली होती. आणि ते गाढव त्या सरालाच हाका मारत होतं!"